लाल सॉकेट

"दोन तास म्हणता, पण कशावर दोन तास, ते सांगा की," आमचे वायरमन कडूबामामा म्हणाले.

बॅटऱ्या विकायला आलेला माणूस नुसताच हसला. विश्वजीत सरांनी चष्म्यावरून मामांकडे पाहिलं. सर आमच्या हॉस्पिटलचे प्रशासक. मीटिंग लांबलेली त्यांना खपत नाही. "तास म्हणजे तास, कडूबा. त्यात काय विचारायचं?"

"तसं नाय सायेब. दीड किलोवॅटवर दोन तास. लोड दुप्पट झाला का ही बॅटरी पाऊण तासात मान टाकती. म्हणून म्हणतो, जनरेटर बसवा. आपोआप चालू व्हणारा. डिझेल हाय तवर काळजी नाय."

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, सिडकोतलं, शंभर खाटांचं. जुन्या चादरींच्या खोलीत एसी बसवून तिला सर्व्हर रूम म्हणायला लागलो त्याला चार वर्षं झाली. पेशंटचे कागद, रिपोर्ट, स्कॅनचे फोटो, सगळं त्या खोलीत. मी मंजुषा, रेकॉर्ड विभागाची प्रमुख, त्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे. वीज गेल्यावर ती खोली कशावर चालवायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मागच्या बाजूला एक जुना जनरेटर होता, पण तो फक्त ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूपुरता, आणि त्याच्यापाशी माणूस उभा करावा लागे. दुसरा बसवायला जागा एकच होती. तिथे विश्वस्तांच्या गाड्या सावलीत उभ्या राहत. त्यामुळे चर्चा फार झाली नाही. बॅटऱ्यांवर चालणारा मोठा यूपीएस घ्यायचं ठरलं.

"मग मी लिहून देतो तसं करा," मामा म्हणाले. "ह्या लाईनीवर दुसरं काय बी लावायचं नाय. मोबाईलचं चार्जर बी नाय."

त्यांनी तसं लिहिलं आणि खाली सही केली. यूपीएसच्या लाईनीवर दोन लाल सॉकेट निघाली, एक सर्व्हर रूममध्ये आणि एक बाहेर लॉबीत, रिसेप्शनच्या कॉम्प्युटरसाठी. लॉबीतल्या सॉकेटवर मामांनी ऑईलपेंटने 'फक्त कॉम्प्युटर' असं लिहिलं. अक्षर इतकं नीटस, की साईनबोर्ड रंगवणाऱ्यानेही दाद द्यावी.

कडूबा दाभाडे मूळचे देवगाव रंगारीचे. आयटीआय करून इथं वायरमन म्हणून लागले, त्याला सव्वीस वर्षं झालेली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सर्व्हर रूमची मेन लाईन स्वतःच तोडत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत स्टुलावर बसून राहत. बॅटरी किती टिकते ते बघायचं. "मामा, कंपनीनं सांगितलंय ना दोन तास?" असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "सांगणाराचं काय जातंय ताई?" त्यांची बायको, चतुराबाई, माझ्यासाठी कारळाची चटणी पाठवायची. मी डबा रिकामा परत करत नसे. असं आमचं बरं चाललेलं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मामा बौद्ध. सव्वीस वर्षांत त्यावरून त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वी नवरात्रात लॉबीतल्या देवीच्या आराशीची वायर जळायला लागली, वास सुटला, आणि मामांनी धावत जाऊन बोर्ड बंद केला. देवीपुढचा विजेचा दिवा विझला. आग लागता लागता राहिली हे दोन दिवसांत सगळे विसरले. दिवा कुणी विझवला हे कुणी विसरलं नाही. 'मुद्दाम केलं' असं एक निनावी पत्र आलं. त्या वेळच्या प्रशासकांनी चौकशी वगैरे काही केली नाही, मामांना गुपचूप वर्षभर पंपहाऊसवर टाकलं. तिथे बसून ते दिवसभर टाकीची पातळी बघत. परत आले तेव्हापासून सणाच्या वायरीला त्यांनी हात लावला नाही. आम्हीही कधी लावायला सांगितला नाही. मांडवाचं लाईटिंग वॉर्डबॉय बन्सी करायचा. बन्सीला विजेतलं अर्धंमुर्धं कळायचं. आणि यात काही चुकतंय, असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं.

यंदा गणपती बसले, आरास छान झाली. डोंगर, त्यावरून पडणारं पाणी, चार हॅलोजन, आरतीसाठी स्पीकर. तिसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलापाशी आले.

"मंजुषाताई, बन्सीनं समदं लाल सॉकेटवर लावलंय."

"अरे देवा. काढायला सांगा ना त्याला."

"सांगितलं. तो म्हणतो, दुसऱ्या सॉकेटची लाईट जाती, ह्याची जात नाय, बाप्पापुढं अंधार नको." त्यांनी लॉबीकडे पाहिलं. "मी नाय काढणार, ताई. तुमाला ठावं हाय. तुमी काढा."

"काढते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. पण संध्याकाळी आरतीला गेले तेव्हा अख्खं हॉस्पिटल तिथे जमलेलं. पाणी पडतंय, दिवे झळकतायत, विश्वस्तांच्या सूनबाई फोटो काढतायत. अशा वेळी प्लग उपटायला कोण जाणार? उद्या बघू म्हटलं. उद्याचं परवावर गेलं.

शुक्रवारी वीजदुरुस्तीसाठी दहा ते साडेअकरा लाईन बंद राहणार, असा मेसेज आदल्या दिवशीच आला होता. दीड तास, आणि बॅटरी दोन तासांची. दहा वाजता वीज गेली. मामा मागे जुन्या जनरेटरपाशी उभे, कारण आत एक ऑपरेशन सुरू होतं. तिथून त्यांचा फोन आला. लॉबीत त्याच वेळी आरती सुरू झालेली.

"ताई, त्यो प्लग काढला न्हवं?"

"हो मामा, काढला," मी म्हणाले.

असं का म्हणाले, याचं आजवर मला धड उत्तर देता आलेलं नाही. आरती संपली की लगेच काढणार होते, हे खरं आहे. त्यांनी पुन्हा विचारू नये असं वाटलं, हेही खरं. मी टाळ्या वाजवत होते, फोन खांद्याला लावलेला होता. "बरं झालं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आरतीनंतर प्रसाद वाटला. मग विश्वस्तांच्या सूनबाईंशी बोलत उभी राहिले. यूपीएस आतून ओरडत होता म्हणे. स्पीकरवर गाणी चालू होती, कुणाला ऐकू येणार? अकराला दहा कमी असताना डोंगरावरचं पाणी थांबलं, दिवे गेले, स्पीकर गप्प झाला. सर्व्हरही गेला.

वीज आली तरी तो नीट उठला नाही. संध्याकाळपर्यंत कळलं की दोन डिस्क खराब झाल्यात. आधीच्या बारा दिवसांची नक्कल काढून ठेवायची राहिली होती, आणि स्कॅन मशीनमधले फोटो तर दर आठवड्याला पुसले जातात.

त्या बारा दिवसांत सोयगावच्या भामाबाईंच्या नवऱ्याचा, सांडू यांचा, स्कॅन होता. पुण्याच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधी ते फोटो हवे होते. भामाबाई सोमवारी पहाटेच्या एसटीने सीडी घ्यायला आल्या आणि माझ्याच टेबलासमोर उभ्या राहिल्या. "फोटो हरवत्यात व्हय कधी?" त्या म्हणाल्या. भांडल्यासुद्धा नाहीत. पुन्हा स्कॅन करावा लागला. स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध पुन्हा द्यावं लागलं. सांडूंची किडनी मुळातच कमजोर होती, एकदाचं औषध कसंबसं सोसलं होतं. दुसऱ्यांदाचं सोसलं नाही. नवव्या दिवशी ते आमच्याच आयसीयूत वारले. दुसऱ्या औषधानेच गेले असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तसं झालंच नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

विसर्जनानंतर चौकशी बसली. विश्वजीत सर, मोठे डॉक्टर आणि टिपण लिहायला मी. माझं नाव टिपण लिहिणाऱ्यात आहे, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी वही उघडून तारीख घातली. मामांना आत बोलावलं. ते हात मागे बांधून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सर त्यांच्याशी चांगलेच वागले, हे सांगायला हवं. "कडूबा, दोन वर्षं राहिलीत तुमची. साधं लिहून द्या, की लॉबीतला जादा लोड लक्षात आला नाही. समज देऊन फाईल बंद करतो. त्या माणसाच्या घरच्यांनी उद्या काही केलं, तर आपल्याकडे एक कागद पाहिजे, बस."

"लक्षात आला नाय, असं लिहू?"

"हो. माणसाची नजर चुकते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. यूपीएस बंद पडल्यावर त्यांनी लॉबीत येऊन लाल सॉकेटमधला तो प्लग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मी फोनवर काय म्हणाले होते, हे त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. आता बोलतील, मला वाटलं. बोलावं असंही वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

त्यांनी कागद मागितला. टेबलाच्या कडेला वाकून, उभ्यानेच लिहिला आणि सरांपुढे सरकवला. सरांनी वाचला. मग टिपणात घ्यायचं म्हणून मोठ्याने वाचला.

'लॉबीतील लाल सॉकेटवर जादा लोड होता. मला तो दिसला होता. मी काढला नाही. कारण विचारल्यास तोंडी सांगेन. कडूबा दाभाडे, वायरमन.'

"अहो, हे असं लिहिलंत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही," सर म्हणाले. "दिसूनही काढला नाही, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"कळतो सायेब. पण मला दिसत नाय असं मी कसं लिहू? सव्वीस वर्सं त्येच काम केलं."

सरांनी कागदाची घडी घातली. त्या पत्राची, पंपहाऊसची गोष्ट त्यांना ठाऊक होती. हॉस्पिटलात ती सगळ्यांनाच ठाऊक होती. मोठे डॉक्टर फोन बघायला लागले. माझ्या हातात पेन होतं. मामांनी कोणतं कारण सांगितलं असतं, सहा वर्षांपूर्वीचं की माझं, हे मला आजही माहीत नाही. ते कळायला एकच प्रश्न पुरे होता. 'का काढला नाहीत?' एवढाच. तो विचारायचा हक्क सगळ्यांत जास्त माझा होता, आणि सगळ्यांत जास्त भीतीही मलाच होती.

मामा उभेच होते. वाट बघत होते, हे दिसत होतं. सरांनी घडी केलेला कागद फाईलमध्ये ठेवला, फाईलची दोरी बांधली, तरी ते उभे होते.

"मामा," मी म्हटलं. त्यांनी लगेच मान वर केली.

"चहा घेता?"

"नको ताई," ते म्हणाले, आणि दार हळूच ओढून घेत बाहेर गेले.