पलीकडच्या कप्प्यातली करडं

घड कापला की केळीचं खोड ओढून बांधावर टाकायचं, हे आमच्या शिवारात केळी आली तेव्हापासूनचं. मी लग्न होऊन लोणखेड्यात आले, तेव्हा शेतातलं काही असं पडून राहत नसे. कापसाची पऱ्हाटी चुलीत जायची, कडबा गुरांपुढे, तुरीच्या काड्यांच्या टोपल्या व्हायच्या. आता खोडांचे ढीग सडतात आणि त्यावर डास उठतात. म्हणून माझी नात चारुलता फेब्रुवारीत विळा घेऊन त्या ढिगात उतरली, तेव्हा मला मनातून बरं वाटलं.

चारुलता इथल्याच कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सूक्ष्मजीवशास्त्राला. तिनं खोडातला पांढरा गाभा काढला, चकत्या करून गच्चीवर कडक वाळवल्या आणि चक्कीवर नेल्या. चक्कीवाला म्हणाला, "ताई, येनी भाकर करतस का?"

भाकरी नव्हती करायची. आमच्या शेजारच्या छबूबाईच्या शेळ्यांना महिन्यापूर्वी एकदमच बारा करडं झाली होती. सहा करडांच्या चुरीत, म्हणजे भरडलेल्या डाळीच्या चाऱ्यात, ही भुकटी घालायची, सहांच्या चुरीत नाही. मग लेंड्या तपासून दोन्ही गटांच्या पोटातले जिवाणू मोजायचे आणि करडांची वजनंही करायची.

"दह्यात असतात ना, तसले चांगले जिवाणू पोटातही असतात, आजी. हा गाभा करडांना पचत नाही. तो त्या जिवाणूंचं खाणं आहे. ते वाढले की हगवणीचे जिवाणू मागे पडतात."

"म्हणजे जेवण करडांचं नाही, करडांच्या पोटातल्या पाहुण्यांचं."

"अगदी तसंच."

छबूबाईची दोन-तीन करडं दरवर्षी हगवणीनं जातात. ती लगेच तयार झाली. गोठ्यात मधोमध जाळी लावून दोन कप्पे केले.

प्रयोगाच्या दहाव्या दिवशी चारुलताला आठवडाभर नाशिकला प्रशिक्षणाला जावं लागलं. चाऱ्याचं काम मी मागून घेतलं. तिनं मला तीनतीनदा सांगितलं, भुकटी अलीकडच्या कप्प्यात, पलीकडे साधी चुरी.

पहिला दिवस मी पाळला. पण भुकटीला गोडसर वास येतो. अलीकडची सहा घमेल्यात तोंड घालून खात होती आणि पलीकडची सहा जाळीला नाक लावून ओरडत होती. नव्या नवरीपणी एका पंगतीत मी माहेरच्या माणसांना तूप जरा जास्त वाढलं होतं. सासूबाईंनी भर पंगतीत माझ्या हातातली तुपाची वाटी काढून घेतली. म्हणाल्या, एका पंगतीत दोन हातांनी वाढणारीला पाप लागतं. पुढची साठ वर्षं मी कुणाला कमी-जास्त वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पलीकडेही चिमूट चिमूट भुकटी घातली. तिसऱ्या दिवशी मूठभर.

चारुलता परत आली आणि तिनं भुकटीचा डबा उघडला. आत तिनं रोजच्या मापाच्या खुणेच्या रेघा मारल्या होत्या. भुकटी शेवटच्या रेघेच्याही खाली गेली होती.

"आजी, तू दोन्हीस्ले टाकी का?" चिडली की ती आमच्या बोलीवर येते.

"त्या पिल्लास्नं काय पाप?" मी म्हटलं.

ती घमेल्याजवळ बसली. "मन्हं वरीस गयं."

तेव्हा मला नीट कळलं. ज्यांना काहीच दिलं नाही अशी करडं उरली नव्हती, म्हणजे तुलना कुणाशी करणार? महिनाभरात प्रबंध द्यायचा होता. तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी फोनवर सांगितलं, निदान एकवीस दिवसांचा प्रयोग हवा, नाहीतर पुढच्या वर्षी या. आणि छबूबाईची करडं आता उपयोगाची नव्हती.

छबूबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "पाटलीनबाई, वाढानी हौस फिटनी का?" ती म्हणाली. मी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "मन्हा भाऊ जान्या म्हसावदले ऱ्हास. त्यान्या शेळ्या गये महिनामा व्यायन्यात. दहा पिल्लं शेतस."

तीन दिवसांत नवी भुकटी वाळवून दळून झाली आणि मी पिशवी भरली. मुलगा, अमृत, म्हणाला, "आई, या वयात परक्याच्या घरी एकवीस दिवस?"

"चूक मी केली. निस्तरणार पण मीच."

 गाडीत बसल्यावर चारुलतानं विचारलं, "तुला जमेल? तुझ्या हातानं पाच करडांना द्यायचं नाही."

"वही दे," मी म्हटलं. "रोज लिहीन. कुणाला किती, कुणाला नाही."

जान्याच्या गोठ्यात पाच अलीकडे, पाच पलीकडे. भुकटी नव्यानं केलेली होती. मी रोज आधी पलीकडे साधी चुरी घालायची आणि हात धुऊन मग भुकटीला हात लावायची. पलीकडची ओरडायची. मी वहीत लिहायची. जान्याची बायको हसायची, "आजी पिल्लास्नी हजेरी ली ऱ्हायनी!"

बाराव्या दिवशी पलीकडचं एक तांबडं करडू पातळ हगायला लागलं. दुपारपर्यंत त्याची मान लटकी पडली. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजायला सांगितलं. डॉक्टर गेल्यावर मी त्याला मांडीवर घेऊन बसले. डबा हाताशी होता. एक चिमूट घातली तर कुणाला दिसणार नव्हतं, आणि वहीही माझ्याच हातात होती. ते माझी बोटं चोखत होतं.

मी डबा उचलून जान्याच्या बायकोकडे दिला. "हा आत ठेव. संध्याकाळी मी मागेन तेव्हाच दे, आणि दिलास की माझ्याबरोबर गोठ्यात ये."

तिला काही कळलं नाही, पण ती आली. दोन दिवसांनी करडू उठलं. वहीत मी लिहिलं : तांबडं करडू, पलीकडचं, हगवण, औषध दिलं, भुकटी नाही.

एकविसाव्या दिवशी चारुलता बर्फाचा डबा घेऊन आली. दहा करडांच्या लेंड्या दहा बाटल्यांत भरल्या, त्यांची वजनं केली. तिनं माझी वही उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तांबड्या करडाच्या नोंदीवर थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाटल्या उन्हात ठेवू नको."

तीन दिवसांनी कॉलेजातून तिचा फोन आला. भुकटी खाल्लेल्या पाचही करडांत चांगले जिवाणू जास्त निघाले. मॅडमनी प्रबंध घ्यायला होकार दिला होता.

"आणि वजन?" मी विचारलं.

"वजनात फरक नाही. दहा करडं म्हणजे थोडीच. तसं लिहिणार आहे मी. आणि आधीचे वाया गेलेले दिवसही लिहावे लागतील, आजी. तुझं नाव घालत नाही."

"नाव घाल. आजीनं दोन्हीकडे भुकटी टाकली, असं स्पष्ट लिही. पुढचा कुणी करेल तर त्याला कळू दे."

ती हसली. मी फोन ठेवला आणि अमृतला हाक मारली. त्या दिवशी घड कापणारी माणसं आली होती. खोडं बांधावर टाकू नका, गाभा काढून गच्चीवर पाठवा, असं त्यांना सांग म्हटलं. या वेळी चाळीस करडांना पुरेल एवढा गाभा मला हवा होता.