ताईची दुसरी प्रत

"कार्ड वाचता येत नाही," कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा कळवलं. फोटोवाल्याने कार्ड बाहेर काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, फुंकर मारली आणि पुन्हा आत घातलं. फुंकर मारून बऱ्या होणाऱ्या वस्तूंचा जमाना गेला हे त्याला ठाऊक होतं, पण समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना हात स्वस्थ राहत नाहीत.

गिऱ्हाईक म्हणजे पंचविशीची एक मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या लग्नाचे फोटो यानेच काढले होते. लग्नानंतर आठव्या दिवशी तिचे वडील झोपेतच गेले. बस चालवायचे ते.

"काका, सगळे नकोत आज," ती म्हणाली. "बाबांचा तेवढा एक द्या. जेवणाच्या टेबलाशी हसले होते ना, तो. घरात त्यांचा हसताना एकही नाहीये."

त्याला नीट आठवत होतं. आयुष्यभर कॅमेरा दिसला की खांबाआड जाणारा तो माणूस त्या दिवशी आपण होऊन पुढे आला होता. "काढा हो आमचाही एक! पोरगी काय रोज रोज लग्न करते?" असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला होता.

एरवी फोटो त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, हा त्याचा नेम. पण तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला, आणि पाठोपाठ याने तापाने अंथरूण धरलं. कॅमेरा बॅगेत तसाच पडून राहिला. आता चौथ्यांदा तेच वाक्य पडद्यावर आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तसं बघायला गेलं तर त्याच्या कॅमेऱ्यात कार्डासाठी दोन जागा होत्या. तो कॅमेरा घ्यायला लावला थोरल्या बहिणीने. ताई कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होती, आणि कार्बन न लावता तिने एकही कागद यंत्रात घातला नाही. एक प्रत साहेबांची, एक आपली. निवृत्त होऊन ती याच्याकडे, स्टुडिओमागच्या खोल्यांत राहायला आली, तीही कुलपाच्या दोन-दोन किल्ल्या घेऊन.

चहाच्या ठेल्यावरचे बाकीचे फोटोवाले मात्र त्याला हसायचे. "दोन स्लॉट लागतात कुणाला? ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्याला! मी हजार लग्नं एका कार्डावर केली, केसाला धक्का नाही लागला." असल्या बोलण्याचा माणसावर परिणाम होतो. महिन्याभरापूर्वी ठेल्यावरून परत आल्यावर त्याने कॅमेऱ्याचं सेटिंगच बदलून टाकलं. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरायचा, त्याऐवजी पहिलं भरलं की मग दुसरं. लग्नात पहिलं भरलंच नव्हतं. म्हणजे दुसरं कोरं. ते काढून बघण्यातही अर्थ नव्हता.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाळा, कार्ड गेलंय," तो म्हणाला. "फोटो उतरवून घ्यायला मी उशीर केला. दुसरीकडे प्रत पडायची सोय होती, तीही मीच बंद केली. चूक सगळी माझी आहे."

मांडीवरच्या पर्सची चेन मुलीने उघडली, लावली, परत उघडली. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आतलं दार उघडून ताई आली. भिंत पातळ होती आणि ताईचे कान तिखट होते.

"दुसरं बघितलंस का?"

"ते कोरं आहे, ताई."

"तू बघितलंस का, एवढंच विचारतेय."

साठीला टेकलेल्या माणसालाही थोरल्या बहिणीपुढे वाद घालता येत नाही. तिचं समाधान व्हावं म्हणून त्याने दुसरं कार्ड काढून लावलं आणि नजर टेबलाकडे वळवली. मुलगीच ओरडली, "काका! काका, आलं!"

पडदा फोटोंनी भरत होता. चारशे बारा. टेबलाजवळ हातात चमचा घेऊन, डोळे मिटून, दाढा दिसेपर्यंत तिचे वडील हसत होते. मग मात्र मुलगी रडली, आणि रडता रडता हसायलाही लागली. "शी, बघा ना, शर्टावर डाळ सांडलीय!" फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला.

फोटो छापून झाला तेव्हा ताई म्हणाली, "दोन काढ."

"मला एक पुरेल," मुलगी म्हणाली.

"असू दे. एक भिंतीवर, एक कपाटात."

मुलगी गेल्यावर त्याने विचारलं, "सेटिंग तू बदललंस?"

"लग्नाच्या सकाळी, तू आंघोळीला गेलास तेव्हा. कॅमेऱ्याची पुस्तिका वाचून केलं. अक्षर किती बारीक छापतात रे मेले!"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

त्याने मान वर केली. ताईच्या मागे भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, ओळखपत्रावरून मोठा केलेला, हनुवटीवर कचेरीचा अर्धगोल शिक्का उमटलेला. चांगला फोटो एकदाच काढला होता, याच्या पहिल्या कॅमेऱ्याने. तेव्हा हा एकोणीस वर्षांचा होता. रोल गुंडाळायच्या आतच त्याने कॅमेरा उघडला आणि सगळ्या रोलवर उजेड पडला. पुढच्या महिन्यात वडील गेले.

"ताई, त्या रोलवरून तू मला कधीच बोलली नाहीस."

"बोलून बाबा परत आले असते?" ती म्हणाली. "पण त्या दिवसापासून एकच प्रत असली की मला झोप येत नाही बघ."

मग त्याने दोन्ही जागांत नवी कार्डं घातली आणि खिडकीजवळची खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे."

"माझा? माझा कशाला आता?"

"बस म्हणतो ना. मला बरं वाटेल."

ती बसली. कानांमागे केस सारले, हात मांडीवर घेतले, तीस वर्षं टायपिंगला बसायची तशी पाठ ताठ केली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तो बटण दाबणार इतक्यात ती म्हणाली, "थांब. दोन्हीवर उतरतंय ना?"

"दोन्हीवर," तो म्हणाला.

तेव्हा कुठे ती हसली.