कोटाच्या खिशातल्या गोळ्या

गिऱ्हाइकानं नवा कोट अंगात घातला, आरशासमोर वळून वळून स्वतःला न्याहाळलं, सवयीनं खिशात हात घातला आणि मूठभर गोळ्या बाहेर काढल्या.

"मास्तरीणबाई, ह्या बटणांबरोबर फुकट का?"

शिंपीमास्तरांच्या बायकोनं गोळ्या बघितल्याबरोबर ओळखल्या. न ओळखायला काय झालं! पित्ताशयातल्या खड्यांवरच्या या गोळ्या तीच रोज सकाळ-संध्याकाळ नवऱ्याच्या तळहातावर ठेवायची, वर पाण्याचा पेला द्यायची. आणि हा शहाणा माणूस त्या लोकांच्या कोटांत कोंबत होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळ्या हिसकावून घेतल्या, दुकान गिऱ्हाइकावर सोपवलं आणि ती तरातरा निघाली.

दिराचा दवाखाना मागच्याच गल्लीत, आणि मास्तर आत्ता तिथेच गेले होते. तो अॅक्युपंक्चर करायचा. चांगला रीतसर शिकून आला होता, पण थोरल्या भावानं त्याला चारचौघांत कधी 'टाचणी'शिवाय हाक मारली नाही. "माझ्या सुईनं निदान कोट तरी होतो, याच्या सुईनं काय होतं?" असं म्हणायचं आणि स्वतःच खो खो हसायचं. पुढे पोटात कळा आल्या, खडे निघाले आणि मास्तर मुकाट्यानं त्याच टाचणीच्या टेबलावर जाऊन आडवे झाले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आडकाठी केली नव्हती. दुखणं, मळमळ कमी वाटत असेल तर सुया घ्या, म्हणाल्या, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर तडक इकडे यायचं. दीरही दर खेपेला विचारायचा, "दादा, गोळ्या चालू आहेत ना?" मास्तर मान डोलवायचे आणि ही बावळट शेजारी उभी राहून साक्ष द्यायची, की हो, मी स्वतः देते. हे आठवलं तशी ती आणखीच भडकली.

बाहेरच्या बाकावर पेशंट बसले होते. त्यांच्याकडे न बघता तिनं पडदा सारला. मास्तर उताणे पडले होते, पोटऱ्यांत सुया. दीर शेजारी उभा.

"हे काय आहे?" तिनं गोळ्या ट्रेमध्ये आपटल्या. "लाज नाही वाटत? माझ्या डोळ्यांदेखत मला बनवता?"

मास्तरांनी नजर छताकडे वळवली. "गोळ्या घेऊन बरा झालो असतो, तर लोक म्हणाले असते, गोळ्यांनी झाला," ते पुटपुटले. "जन्मभर याची टिंगल केली मी. एकदा तरी छातीठोक सांगायचं होतं, की माझ्या भावाच्या सुईनं बरा झालो. नुसत्या सुईनं."

क्षणभर, एकच क्षण, दिराचा चेहरा उजळला. तिनं ते बघितलं.

"फुलू नका, भावजी! आधी यांचे डोळे बघा!"

दिरानं खिडकी उघडली. डोळे पिवळे झाले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. थंडी सकाळपासूनच वाजत होती म्हणे, पण पंख्याची असेल, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. दिराचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं भराभर सुया काढल्या आणि अँब्युलन्स बोलावली.

अँब्युलन्स आली, पण मास्तर हटून बसले. "मी नाही जायचो. तिथे गेलो की याचं नाव जाईल. आणखी एक सुई लाव रे, होईल कमी."

"नाव!" ती किंचाळली. "तुम्ही गेल्यावर ते नाव मी चाटत बसू?"

"दादा, पाया पडतो, ऊठ," दीर म्हणाला. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. स्ट्रेचरवाला म्हणाला, "पेशंट नाही म्हणाला तर आम्ही ओढून नेऊ शकत नाही हो."

तेव्हा दिरानं पडदा टोकापर्यंत सारला आणि बाकावरच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "ऐका सगळ्यांनी. हा माझा सख्खा भाऊ. माझ्या सुयांचा याला काडीचाही उपयोग झाला नाही."

एक बाई पर्स उचलून चालू लागली. तिच्यामागून आणखी एक जण उठला.

हे धडधडीत खोटं होतं, हे मास्तरांच्या बायकोला ठाऊक होतं. सुया सुरू झाल्यापासून नवरा रात्री शांत झोपत होता. मास्तर तोंडात मारल्यासारखे भावाकडे बघत राहिले. मग त्यांचे हात सुटले, आणि ते आपले आपण स्ट्रेचरवर जाऊन पडले.

अँब्युलन्समध्ये त्यांनी भावाची बाही धरली. "खोटं का बोललास? दुखायचं थांबलं होतं माझं. स्वतःच्या पोटावर पाय दिलास, गाढवा."

"तू उठत नव्हतास," दीर म्हणाला.

मास्तरांचे डोळे भरून आले. तिला दोघांच्याही कानफटात द्यावीशी वाटत होती.

"आता रडताय?" ती खेकसली. "आधी जगा! मग हवं तेवढं रडा!"