लंडन ते सांताक्रूझ, एक दोरी

मित्रांनो, मी चिखल्याच्या शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. कागदाच्या लगद्याच्या दोन वाट्या जोडून, वर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. शाळेत आलो तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे पोरांनी गरगरा फिरवून माझा दांडा ढिला केला. खरं सांगू? सगळं जग अंगावर वागवायचा मला आता वीट आलाय. पण १९५७ सालची ती गोष्ट काही पाठ सोडत नाही.

एका शनिवारी विठाबाई कोळीण पत्र वाचून घ्यायला गुरुजींकडे आली. सोबत तिचा दीर नारू तांडेल, स्वतःच्या होडीचा मालक. विठाबाईचा रामू परदेशी बोटीवर खलाशी. चार वर्षं घरी आला नव्हता. कंपनी त्याला लंडनहून विमानाने सिंगापूरच्या बोटीवर धाडत होती. 'रविवारी, आपल्याकडे दुपारचे बारा वाजतील तेव्हा निघतो. विमान सांताक्रूझला तासभर थांबेल. आये, भेटायला ये.' पोचायची वेळ लिहायलाच विसरला, गुलाम!

"गुरुजी, या गोळ्यावर मोजून सांगा ना, इमान कधी येल?" विठाबाई म्हणाली.

गुरुजी परीक्षेचे पेपर तपासत होते. "नारू, लंडनपासून मुंबईपर्यंत दोरी लाव आणि मला दे," म्हणाले आणि पुन्हा पेपरात बुडाले.

नारूने दोरी लावली. लंडनहून खाली, स्पेनला वळसा, सुएझमधून तांबडा समुद्र, मग मुंबई. "जमिनीला जरा लागू दिली नाय," वर अभिमानाने म्हणाला. उभी हयात पाण्यावर गेलेली. वाट म्हणजे त्याला पाणीच. अरे बाबा, विमान आहे ते, सरळ आडवी टाक की! पण मला बोलता कुठे येतं?

गुरुजींनी दोरी पट्टीवर मोजली. ती कुठून फिरली, ते पाहिलंच नाही. "सात हजार दोनशे मैल. तासाला तीनशे. तेल भरायला थांबेल, ते तीन तास. सोमवारी दुपारी तीन!"

सोमवारी विठाबाई सकाळच्या गाडीने निघाली. बाराच्या आतच विमानतळावर हजर, तळलेले बोंबील पदराखाली धरून. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, ते विमान सकाळी सहाला आलं आणि सातला गेलं."

"गुरुजींनी तीन सांगितलेत," ती म्हणाली. तीन वाजेपर्यंत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी नारू शाळेत येऊन हे सांगताना रडला. गुरुजी म्हणाले, "तू होडीची वाट मोजलीस, नारू. शिकलेला मी होतो. मान वर केली नाही मी."

महिन्याने रामूचं पत्र आलं. तेही विठाबाईला वाचून दाखवायची पाळी गुरुजींवरच आली. 'आये, मी तासभर जाळीशी उभा होतो. तू का आली नाहीस?'

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी अंतर विचारायला आलं, तर हातातलं काम ठेवा आणि मान वर करून बघा. माझ्यावर ते वीतभरच दिसतं. विठाबाईने त्यासाठी चार वर्षं काढली होती.