वितळलेल्या मोहरा

साल ब्याण्णव. बलात्काराच्या गुन्ह्यांतले रखडलेले नमुने तपासण्यासाठी सरकारने त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेला वेगळा निधी दिला. तीन जादा रसायनतज्ज्ञ, लागणारी रसायनं, आणि मुदत जूनअखेर. रखडलेल्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं.

यादी पुरी होत आली तेव्हा धुळ्याच्या सरकारी वकिलांचं पत्र मिळालं. ताईबाईच्या खटल्यात तीन वर्षं अहवाल नाही, अठरा जूनची तारीख शेवटची, त्यानंतर न्यायालय थांबणार नाही. हे नाव माझ्या यादीत नव्हतं. मी जुनं रजिस्टर काढलं. नोंद होती: 'मोहर अस्पष्ट. न तपासता परत. निकाली.' खाली सही माझी.

लाखेची मोहर बिघडली म्हणून परत पाठवलेलं पाकीट आमच्याकडे निकाली धरलं जाई. निकाली म्हणजे रखडलेलं नाही, आणि रखडलेलं नाही त्याला निधी नाही. मी असे सगळे शेरे उतरवून काढले. खानदेशातून आलेली एक्केचाळीस पाकिटं, त्यांतली अडतीस एप्रिल ते जूनमधली. निष्काळजीपणा वर्षभर विखुरलेला असतो. एकाच ऋतूत पडला, तर कारण दुसरं काहीतरी असतं.

साहेबांनी कागद वाचून बाजूला सारला. "मी वर दोनशे दहाचा आकडा कळवलाय."

"दोनशे एक्कावन्न कळवा."

"आणि फुटक्या मोहरेचा माल तपासला तर बचावाचा वकील सोडेल का आपल्याला?"

"त्याला उत्तर मी देईन."

"लेखी द्या मग."

मी लिहूनच आणलं होतं. तो कागद मी त्यांच्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, ताईबाईचं पाकीट जिथून आलं होतं त्या नरडाण्याच्या पुढच्या पोलीस ठाण्यात गेले.

मुद्देमालाची खोली हवालदार लीलाधरभाऊंच्या ताब्यात होती. ताईबाईचं पाकीट त्यांनी शोधून काढलं. लाखेचा लाल ओघळ कागदावर पसरला होता. त्याखाली सुती दोरा मात्र कुठेही तुटला नव्हता. दोऱ्याच्या पेडाखाली पंचांच्या सह्यांचं लेबल होतं, तेही जागचं हललं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी मोहर पाहिली आणि तिथेच थांबले होते.

"भाऊ, हे पाकीट तुम्हीच आणलं होतं ना? बसमध्ये कुठे ठेवलं होतं?"

"नियम काय सांगतो मॅडम? मुद्देमाल नजरेआड करायचा नाही. टपावर टाकला तर गेला नजरेआड. मी ड्रायव्हरजवळ बसतो आणि समोर इंजिनावरच्या बॉनेटवर ठेवतो. वरून हात. साक्षात यम आला तरी उचलू शकत नाही."

"बॉनेट तापत नाही?"

"तापतं ना! चहाचा गिलास ठेवला तर अमळनेरपर्यंत गार होत नाही." बोलता बोलता ते थांबले. पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे देवा. माझ्याच हाताखाली?"

"थंडीत लाख टिकली. मे महिन्यात नाही टिकली."

दारात एक बाई उभी होती. तारखेचं समन्स घ्यायला आलेली, हातात कापसाच्या जिनिंगमधल्या कामाचा, तंतू चिकटलेला फडका. लीलाधरभाऊ हळूच म्हणाले, "हीच ताईबाई."

तिने पाकीट ओळखलं नाही. मला विचारलं, "बाई, मनं लुगडं तठेच शे ना? का फेकी दिधं?"

"इथेच आहे."

"दर तारखले वकील म्हंतस, रिपोर्ट उना नही. गावना लोके म्हंतस, कायच व्हयनं नही म्हनीसन रिपोर्ट नही. मांगे कोनी धाडं?"

"मी," मी म्हणाले.

तिने हातातला फडका खांद्यावर टाकला. लीलाधरभाऊ उगाच रजिस्टर चाळू लागले. मग ती म्हणाली, "आते तूच ली जाय."

फौजदारांनी प्रयोगशाळेच्या नावे नवं पत्र दिलं. जुना पंच झुलाल शिंपी दुकान उघडं टाकून आला आणि आपली सही पाहून म्हणाला, "मन्हीच शे." त्याच्यासमोर लेबल आणि दोरा तसाच ठेवून वर नवी मोहर लावली. प्रश्न नेण्याचा होता. लीलाधरभाऊंनी दुधाचा रिकामा कॅन आणला. तो आतून कोरडा पुसला, पाकीट आत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं. पहाटेच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "हवालदारसाहेब, दूध विकायला लागले काय? लगेज पडेल."

"फाड तिकीट. पण हा माझ्या मांडीवरच राहील."

मोहर शाबूत पोहोचली. पाकीट मी कडेने कापून उघडलं; दोरा आणि लेबल तसंच राहू दिलं.

दवाखान्यातल्या नर्सने लुगडं सावलीत वाळवून कागदात बांधलं होतं, म्हणून बुरशी धरली नव्हती. वीर्याचे डाग मिळाले. त्यांचा रक्तगट आरोपीच्या गटाशी जुळला. माणूस तोच, असं रक्तगट सांगत नाही. तेही मी अहवालात लिहिलं.

अठरा जूनला धुळ्यात आरोपीच्या वकिलांनी तीच वितळलेली लाख माझ्यापुढे धरली.

"हे पाकीट न तपासता परत कोणी पाठवलं होतं?"

"मी."

"का?"

"मोहर बिघडली होती. दोरा आणि सह्या मी पाहिल्या नाहीत. पाहायला हव्या होत्या."

"मग आज आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"माझ्यावर नका ठेवू. दोरा समोर आहे. पंच बाहेर बसलेत."

न्यायाधीशांनी लेबल हातात घेतलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि झुलालला बोलवायला सांगितलं. त्याने सही ओळखली. अहवाल दाखल झाला.

बाहेर ताईबाई भिंतीला टेकून उभी होती. अहवालात काय आहे ते मी तिला सांगितलं, आणि काय नाही तेही. तिने मान हलवली. "आते म्हना म्हनाव गावले," ती म्हणाली, "कायच व्हयनं नही."

चाळीस पाकिटं अजून उरली होती, आणि जूनचे बारा दिवस. फाटकाजवळ लीलाधरभाऊ दोन कॅन घेऊन उभे होते. पोती त्यांनी आधीच भिजवली होती.