पुलीवरची रिकामी खाच

माझ्या थोरल्या बहिणीचा ट्रक तिच्याखेरीज कोणालाही वळत नसे, आणि ही गोष्ट आमच्या कुटुंबात मानचिन्हासारखी मिरवली जाई. अक्का गुरांची डॉक्टर. जिथे रस्ता संपतो तिथून तिचे काम सुरू होई. म्हणून चारही चाकांनी जोर घेणारा, माझ्या भाचीहूनही वयाने थोर असा तो हिरवा ट्रक तिने आयुष्यभर डोंगरावर चढवला. मीही एकदा त्याचे स्टिअरिंग वळवून पाहिले होते. भिंतीला खांदा लावून घर सरकवू पाहावे, तसा तो अनुभव होता.

यंदा अक्काच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. जड ओढाताण यापुढे वर्ज्य, असे शल्यवैद्यांनी निक्षून सांगितले. भाचीने ट्रक विकण्यासाठी जुन्या गाड्यांच्या एका हौशी संग्राहकाशी बोलणे सुरू केले, तेव्हा घरात वादळ उठले. अखेर मायलेकींमध्ये एक करार झाला.

"गाडी उभी असताना," भाची म्हणाली, "ह्याच उजव्या हातानं, एकटीनं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखव. मग मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर गाडी जाईल."

"तू तोंड उघडणार नाहीस? मग तर फिरवायलाच हवं," अक्का म्हणाली, आणि तिने मिस्त्रींना बोलावणे धाडले.

मिस्त्री आले, ट्रकच्या पोटाखाली शिरले आणि थोड्याच वेळात पाठ झटकत बाहेर आले. "साधं स्टिअरिंग आहे, डॉक्टरबाई. पॉवरचं काही नाही. बॉक्स, पंप, नळ्या, सगळं नव्यानं बसवावं लागेल. बसेलच असं सांगत नाही."

उघड्या बॉनेटपाशी मी उभा होतो. यंत्रातले मला फारसे कळत नाही; परंतु कोणत्याही रचनेसमोर उभे राहिले की तिचा प्रत्येक अवयव कशासाठी आहे, हे विचारल्यावाचून मला चैन पडत नाही. इंजिनच्या पुढच्या पुलीवर दोन खाचा होत्या. एकीत पट्टा होता. दुसरी रिकामी होती, तिच्यात गंज दाटलेला.

"मिस्त्री, ही दुसरी खाच कोणासाठी?"

"असते एखादी जास्तीची, गुरुजी."

"कारखानदार लोखंड उगीच कोरील का?"

"याला लहानपणापासून रिकाम्या जागाच दिसतात," अक्का म्हणाली. "पानात भाजी वाढायची राहिली तर ती मात्र दिसत नाही."

मिस्त्री हसले, पण हसता हसता थबकले. त्यांनी बोट त्या खाचेवरून फिरवले, मग इंजिनच्या कुशीत हात घालून चाचपले. "इथं बोल्टची भोकं आहेत. काहीतरी बसवलेलं होतं, बरं का. पंपच असणार." एवढे बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले, या वेळी घासलेट आणि ब्रश घेऊन.

स्टिअरिंग बॉक्सवर वर्षानुवर्षांचे ग्रीस, चिखल आणि रंग यांचे थर चढले होते. मिस्त्री घासू लागले आणि आम्ही दोघे वाकून पाहू लागलो. एखाद्या जुन्या मूर्तीवरचा शेंदूर सोलून काढावा, तसे हळूहळू मूळ रूप उघडे पडले. बॉक्सच्या माथ्यावर दोन तोंडे होती, आणि दोन्ही बुचांनी बंद.

"डॉक्टरबाई!" खालून आवाज आला. "पहिल्यांदा मी चुकलो. हा पॉवरचाच बॉक्स आहे. एका तोंडानं तेल आत, दुसऱ्यानं बाहेर. पण ही बुचं गाडीची नाहीत हो. पाण्याच्या नळाची आहेत. वर तागाचा धागा गुंडाळलाय आणि सफेदाही फासलाय. गाडीच्या मिस्त्रीचं हे काम नव्हे."

अक्काने बूच हातात घेतले. धाग्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

माझे मेहुणे, म्हणजे अक्काचे यजमान, हयात असताना पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. घरात काहीही गळो, त्यांचा उपाय एकच: ताग, सफेदा आणि बूच.

"वरच्या खिंडीत नळी फुटली होती," अक्का सावकाश म्हणाली. "लग्नाला फार दिवस झाले नव्हते, गाडीही नुकतीच हाती आली होती. मला वाटलं, रेडिएटरचं काहीतरी आहे. मी एका गाईच्या बाळंतपणात गुंतले होते. हे गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, तात्पुरतं केलंय, खाली गेलो की बघू. मग खाली गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा वर."

"म्हणजे तेव्हापासून..." मी म्हणालो.

"तेव्हापासून जड." मिस्त्रींनी मान डोलावली. "साध्या बॉक्सपेक्षाही जड. पंप काढलेला आणि आत तेल कोंडलेलं. दर वळणाला तुम्ही चाकांबरोबर तेही ढकलत होतात."

अक्का एकाएकी खदखदून हसली. मग तिचा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला आणि हसू ओसरले. "आणि मी गावभर सांगत फिरले, की माझ्या मनगटात जोर आहे! हे समोर बसून ऐकायचे आणि कौतुकानं मान हलवायचे. त्यांनाही विसर पडला असणार. नाहीतर त्यांच्या पोटात गोष्ट राहती का?"

नळाची बुचे जबरीने बसवल्यामुळे त्या तोंडांचे आटे पार खराब झाले होते. बॉक्स बदलणे भाग होते. तरीही आता प्रश्न निराळा होता: या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसेल का, हा नव्हे, तर तिचे गेलेले तिला कसे परत द्यावे, हा. मिस्त्रींनी भंगारातून थोड्या नंतरच्या बनावटीच्या ट्रकचा अधिक दणकट बॉक्स आणला. दोन्ही बॉक्स बाकावर शेजारी ठेवले, तर जुळी भावंडे.

अक्काने डाव्या हाताने एकाचा दांडा फिरवला, मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा. "मिस्त्री, मी दोन्ही उजवीकडे फिरवले. याचा चाकांना ढकलणारा हात पुढे गेला, त्याचा मागे. हा भंगारातला म्हणजे डाव्या पायाचा बूट आहे."

मिस्त्रींनी स्वतः फिरवून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "बरं झालं बाई! बसवला असता, तर उजवीकडे वळवलं की गाडी डावीकडे गेली असती. घरच्या माणसांसारखी."

"ऐकलं हो मी," भाची दारातून म्हणाली. रोज ती कराराची आठवण द्यायला म्हणून येई, आणि रोज थोडी अधिक रेंगाळे.

योग्य बॉक्स मिळाला. मोठा पंप आला, नव्या नळ्या आल्या, आणि त्या रिकाम्या खाचेत काळा कोरा पट्टा बसला. पुढची चाके जॅकवर अधांतरी उचलून अक्काने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवले, कारण तेलात अडकलेली हवा अशीच बाहेर काढायची असते. पंपाच्या तेलाच्या डबीतून बुडबुडे येत होते, आणि ते थांबेपर्यंत आम्ही सगळे त्या डबीत डोकावून उभे होतो.

मग चाके जमिनीवर टेकली. इंजिन सुरू झाले. अक्काने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि सवयीने सगळे अंग त्यावर झोकले. स्टिअरिंग असे भर्रकन वळले, की तिचे कोपर दारावर आपटले.

"आई गं!" भाची धावली. "खांदा?"

"खांद्याला काही नाही. हात अजून जुन्याच गाडीत आहेत." तिने पुन्हा वळवले, या वेळी केवळ बोटांनी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चाकांखालची खडी कुरकुरली.

भाचीने आईला खाली उतरवले, कोपर तपासले, आणि कोपर ठीक आहे असे पाहून, कोणालाही न विचारता, स्वतःच वर चढून बसली. तिने स्टिअरिंग फिरवले. आजवर या ट्रकला तिने एकदाही वळवले नव्हते.

"मामा, बघ! मलाही वळतं!"

मी अक्काकडे पाहिले. जे वैभव तिने एकटीने सांभाळले होते, ते तिच्या डोळ्यांदेखत साऱ्यांचे होत होते. नळाचे ते बूच तिने इतके दिवस कमरेला खोचून ठेवले होते. ते तिने पदराला पुसले, खिडकीतून आत हात घालून समोरच्या फळीवर ठेवले आणि दार उघडले.

"सरक तिकडे," ती लेकीला म्हणाली. "खिंडीपर्यंत मी नेते. येताना तू चालव."