ओलेतं

एकादशीला चामराजपेटच्या विठ्ठलमंदिरात जयतीर्थअण्णा कीर्तनाला उभे राहिले की मंडळी पोटातला उपास विसरत. पण या खेपेला पूर्वरंगातच अण्णा जरा जास्त रंगले. पदाची ओळ एकीकडं गेली की अण्णा भलतीकडं. मध्येच कमरेत लचकायचे, मध्येच झांज कमरेशी घासत नेऊन खळ्ळकन वाजवायचे. पुढच्या रांगेतून नरसिंहअण्णा शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, आज देव नाचवतोय बुवांना!"

पेटीवरच्या कमलाअक्कांनी मान खाली घातली. आपल्या नवऱ्याला कोण नाचवतंय ते त्यांना ठाऊक होतं. कमरेला गजकर्ण झालं होतं, आणि देवासमोर खाजवायचं तरी कसं?

पावसाळ्यापासून हे चाललं होतं. अण्णांच्या घराण्यात पहाटे अंघोळ करून पिळलेलं धोतर तसंच ओलेतं नेसायचं आणि ते अंगावर वाळेपर्यंत पूजा करायची, ही मडी. मडी म्हणजे आपलं सोवळं. वाळत घातलेल्या धोतराला कुणाचा तरी हात लागतो, ओलेत्याला ती भीती नाही, असं वडील सांगत. कमरेला खाज सुटली तशी अण्णांनी मेडिकलवाल्याकडून मलमाची नळी आणली. लावली की गार वाटायचं. चार दिवसांनी तांबडं कडं आणखी रुंद. पुन्हा नळी. बसवेना, निजवेना, वाचायला घेतलं तर ओळ पुढं सरकेना. "सर्पाचा काही दोष असेल," असं म्हणत ते घरभर फिरत.

आणि मग बेळ्ळंदूरहून मुलगा प्रणीत आणि सून देवश्री आले, ते नात अनुषाच्या मांडीवरचं तसंच कडं घेऊनच. अनुषा नुकती बसायला लागलेली. ती मुक्कामाला आली की आजोबा पूजेतून उठून तिला कडेवर घेऊन आरती दाखवायचे. त्या वेळी हाताला टाळ्या, तोंडाला लाळ, आणि मांडीखाली आजोबांचं ओलं धोतर.

जयनगरच्या डॉक्टर नयनांनी बाळाची मांडी भिंगातून पाहिली. "हिला कडेवर कोण घेतं?"

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं.

"आजोबा, तुम्हीही या पडद्याआड."

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी ती नळी हातात फिरवली. "यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, लाली दबते, आणि बुरशी निवांत पसरते. राखणदाराला झोपेचं औषध देऊन चोराला दार उघडून दिलंत तुम्ही."

"मला वाटलं, सर्पाचा..."

"सर्पाला कशाला बोल लावता? बुरशीला ऊब, घाम आणि ओल पुरते. तुम्ही रोज नेसता काय?"

कमलाअक्काच म्हणाल्या, "ओलेतं. अंगावर वाळेपर्यंत."

"मग ते बंद. उन्हात वाळवा, इस्त्री फिरवा. टॉवेल वेगळा. खाज थांबली म्हणून औषध सोडायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत बाळाला कडेवर घ्यायचं नाही."

घरी आल्यावर अण्णा खिडकीपासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत राहिले. ओलेतं सोडावं तर वडिलांचा शब्द मोडतो. शिवाय मंदिराचं सोवळं सांभाळायला नरसिंहअण्णा बसलेले. मागं एक बुवा कोरड्या धोतरानं गाभाऱ्यात शिरले, तर त्यांना पुन्हा बोलावणं गेलं नव्हतं. आणि न सोडावं, तर नात कडेवर येत नाही.

"तुम्हीच सांगता ना कीर्तनात," कमलाअक्का म्हणाल्या, "देव भावाचा भुकेला म्हणून?"

"ते लोकांना सांगायला असतं गं!"

बोलून गेले, आणि स्वतःच्याच तोंडाकडं बघितल्यासारखे थबकले.

पुढच्या एकादशीला अक्कांनी स्वतः मडीत राहून गच्चीवर वाळवलेल्या धोतरावर इस्त्री फिरवली. मंदिराच्या पायरीवरच नरसिंहअण्णांनी नजर लावली. "काय हो, धोतर कोरडं दिसतंय?"

"कोरडंच आहे."

"मग गाभाऱ्यात कसे जाणार?"

"नाही जात. पूजा तुम्ही करा. मी इथं बाहेरच उभा राहतो. बाहेर राहून नाव घ्यायला तर बंदी नाही ना?"

"सरी, सरी, बरं तर," म्हणून नरसिंहअण्णा आत गेले.

नमन झालं. निरूपणाला पद घेतलं, पण दुसऱ्याच ओळीला अण्णांनी झांज थांबवली. "मंडळी, आजचं निरूपण माझ्याच कमरेचं आहे."

हशा पिकला. देवश्री बायकांच्या बाजूला बाळाला घेऊन बसली होती, तिनं कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र सगळं सांगितलं. ओलेतं, ती नळी, तो राखणदार आणि चोर. "माझ्या मडीनं माझ्या नातीला कडं दिलं. जे सोवळं लेकराला बाधतं, ते विठ्ठलाला आवडत असेल का हो? मला नाही वाटत. चुकत असेन तर त्यानं मला सांगावं."

पुरुषांच्या रांगेत कमरेशी गेलेले दोन-तीन हात हळूच गुडघ्यांवर आले.

मध्यंतराला बुक्का लावायचा मान नरसिंहअण्णांचा. ते ताठ चालत आले. अण्णांनी कपाळ पुढं केलं. बुक्क्याचं बोट कपाळावर टेकवताना नरसिंहअण्णा कानाशी वाकले. "ती डॉक्टरीण जयनगरात बसते कुठं? आणि इस्त्री कोण करतं, अक्काच का?"

अण्णांना हसू आवरेना. हार गळ्यात पडला, मंडळी सैल झाली. इतक्यात अनुषानं आजोबांना ओळखलं. आईच्या मांडीवरून अर्धी बाहेर येत तिनं दोन्ही हात पसरले, "आ... आ..."

अण्णा एक पाऊल पुढं गेले. तिथंच थांबले.

"बाबा, अजून नाही," देवश्री हळूच म्हणाली. तिच्याच डोळ्यांत पाणी होतं.

"ठाऊक आहे गं."

बाळाला हे कोण समजावणार? तिनं भोकाड पसरलं. देवश्री तिला उचलून बाहेर घेऊन गेली. अण्णांनी उत्तररंगाचं पद उचललं खरं, पण दाराबाहेर ते रडणं चालूच होतं, आणि कमलाअक्कांना पेटीवर पहिल्यांदाच नवऱ्याचा सूर शोधत जावं लागलं.